हाताचें न दिसणारें दुखणें

घरांत कोणास ताप आला तर तो तापमापकावर दिसतो. हाड मोडलें तर तें क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. जखम झाली तर ती लहान मुलासहि दिसते. अशा दुखण्यास कुटुंबांत सहानुभूतीची वाण नसते. परंतु कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, त्यांत सूज नाहीं, लाली नाहीं, ताप नाहीं, चित्रांत कांहीं नाहीं आणि रक्ताच्या तपासणींतहि कांहीं नाहीं. तरीहि दुखणाऱ्यास रात्र रात्र झोंप नाहीं. अशा वेळीं पहिले आठ दिवस घरची मंडळी विचारपूस करतात, पुढचे आठ दिवस उपाय सुचवितात, आणि त्यानंतर 'हिच्या हाताचें नेहमींचेंच आहे' असें म्हणून विषय सोडून देतात. मग दुखणाऱ्या माणसासहि आपल्याच दुखण्याविषयीं शंका येऊं लागते.

कोपराखालच्या भागांत मज्जातंतु आवळला जाऊन होणारें दुखणें हें पुष्कळदां या जातीचें असतें. गेल्या कांहीं दशकांत ध्वनिलहरींच्या यंत्राच्या साहाय्यानें हा तंतु प्रत्यक्ष पाहतां येऊं लागला आहे, आणि डोळ्यांदेखत त्याच्या भोंवतीं सुई नेऊन औषध सोडतां येऊं लागलें आहे. ही सुई काय करूं शकते, काय करूं शकत नाहीं, आणि तिच्यापर्यंत जाण्यापूर्वीं घरांतील जाणत्या मंडळींनीं काय ध्यानांत ठेवावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तीन तंतु आणि त्यांच्या वाटा

मानेच्या मणक्यांमधून निघालेल्या तंतूंच्या गुंफणींतून हातासाठीं तीन मुख्य मज्जातंतु खालीं उतरतात. आधुनिक वैद्यकांत त्यांस मीडियन, अल्नर व रेडियल अशीं नांवें आहेत. मीडियन हा हाताच्या पुढील बाजूनें मधोमध जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांचा स्पर्श त्याच्याकडे आहे. अल्नर हा कोपराच्या आंतल्या बाजूच्या हाडामागून जातो. तेथें टेबलाची कड लागली म्हणजे करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या जातात, त्या त्याच्याच. करंगळीचा व अनामिकेच्या उरलेल्या बाजूचा स्पर्श आणि बोटांच्या पुष्कळशा नाजूक हालचाली त्याच्या स्वाधीन आहेत. तिसरा रेडियल. हा दंडाच्या हाडास मागून वळसा घालून कोपराच्या बाहेरच्या बाजूस पुढें येतो, व तेथें त्याच्या दोन शाखा होतात. एक शाखा कातडीखालून अंगठ्याच्या मागच्या बाजूकडे स्पर्शज्ञानासाठीं जाते. दुसरी स्नायूंत खोल शिरते आणि बोटें मागें उचलणाऱ्या स्नायूंस चालना देते.

मज्जातंतूची तुलना विजेच्या तारेशीं करण्याचा प्रघात आहे. परंतु तार निर्जीव असते आणि तंतु सजीव असतो. त्यास स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. आणि कोपर दुमडलें किंवा हात वळविला कीं तो आपल्या वाटेंत थोडा मागेंपुढें सरकतो. ही वाट अरुंद झाली म्हणजे प्रथम त्याचा रक्तपुरवठा अडतो, मग तो सुजतो, सुजल्यामुळें वाट अधिकच अरुंद होते, आणि पुढें भोंवतालच्या पडद्यास चिकटून त्याचें सरकणें बंद पडतें. आवळलेल्या तंतूच्या दुखण्याचें मर्म या चक्रांत आहे.

मनगटांत मीडियन तंतु आवळला जाण्याचा विकार बहुतेक सुशिक्षित घरांत नांवानें तरी ठाऊक आहे. त्याची दुसरी अडचणीची जागा मात्र कोपराच्या किंचित् खालीं, हात पालथा करणाऱ्या 'प्रोनेटर' स्नायूच्या दोन मुळांमध्यें आहे. नॉर्वेमधील सेफार्थ यांनीं १९५१ मध्यें या विकारास त्या स्नायूवरून नांव दिलें. मनगटांतील विकारांत रोग्यास रात्रीं मुंग्यांनीं जाग येते आणि तळहाताची कातडी बधिर होत नाहीं. कारण तळहाताकडे जाणारी शाखा मनगटाच्या वरच निराळी होते. प्रोनेटरच्या विकारांत तळहातहि बधिर वाटूं शकतो आणि त्रास रात्रीपेक्षां कामाच्या वेळीं अधिक होतो. याच मीडियनची एक खोल शाखा आहे. ती दुबळी झाली तर स्पर्श शाबूत राहतो. पण अंगठा व तर्जनी यांचीं टोंकें जुळवून वाटोळें कडें करतां येत नाहीं, तें चपटें होतें. किलो व नेव्हिन या दोघांनीं १९५२ मध्यें या लक्षणाचें वर्णन केलें. चिमटींत सुई धरतां न येणें किंवा सदऱ्याची गुंडी लावतां न येणें हीं त्याचीं घरगुती रूपें होत.

'टेनिस कोपरा'चा शेजारी

या सर्वांत अधिक फसविणारें दुखणें रेडियलच्या खोल शाखेचें आहे. ही शाखा हात उताणा करणाऱ्या 'सुपिनेटर' स्नायूंत शिरते. त्या स्नायूची वरची कड कित्येकांच्या हातांत चिवट दोरीसारखी असून तिची कमान बनलेली असते. फ्रोझ या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें १९०८ मध्यें तिचें वर्णन केलें आणि ती आजहि त्याच्याच नांवानें ओळखली जाते. हात वारंवार उताणापालथा होऊं लागला म्हणजे या कमानीखालीं तंतु रगडला जातो.

आतां अडचण अशी कीं, या जागेच्या अगदीं शेजारीं, कोपराच्या बाहेरच्या हाडावर, 'टेनिस एल्बो' हें सुप्रसिद्ध दुखणें होतें. तें स्नायूच्या कंडरेचें आहे, मज्जातंतूचें नव्हे. दोहोंची जागा जवळ, दोहोंची कळ सारखी. त्यामुळें एकाचा उपचार दुसऱ्यास होतो. १९७२ मध्यें रोल्स व मॉडस्ली या इंग्रज शस्त्रवैद्यांनीं असें दाखविलें कीं, हट्टी म्हणून सोडून दिलेल्या 'टेनिस कोपरां'पैकीं कांहींचें मूळ या आवळलेल्या तंतूंत असतें.

फरक ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत. टेनिस एल्बोची कळ हाडाच्या उंचवट्यावरच दाबल्यानें येते. तंतूची कळ त्याच्या खालीं सुमारें तीन-चार बोटें अंतरावर, मांसल भागांत दाबल्यानें येते. कोपर सरळ ठेवून मधलें बोट वर उचलावें व दुसऱ्यानें तें खालीं दाबावें, किंवा मूठ उताणी करूं पाहावी व दुसऱ्यानें ती अडवावी; तेव्हां तंतूच्या दुखण्यांत खोलवर कळ उठते. या परीक्षा निर्णायक नाहींत, दिशा दाखविणाऱ्या आहेत. त्या घरीं करून निदान ठरवूं नये. पण एक व्यावहारिक गोष्ट घरींच लक्षांत येण्यासारखी आहे. टेनिस एल्बोसाठीं कोपराखालीं जो पट्टा बांधतात, तो बांधल्यानें दुखणें कमी होण्याऐवजीं वाढत असेल, तर पट्टा नेमका तंतूवरच दाबत असण्याचा संभव असतो. अशा वेळीं तो अधिक घट्ट न करतां काढून ठेवावा आणि डॉक्टरांस तसें सांगावें.

विद्युत्परीक्षा करून तंतूची चाल मोजण्याची सोय आहे. पण ती परीक्षा मुख्यतः जाड व जलद तंतूंचा वेग मोजते. केवळ कळ असलेल्या आणि शक्ति शाबूत असलेल्या या विकारांत तिचें उत्तर बहुधा 'सर्व ठीक' असेंच येतें. त्या कागदाचा अर्थ 'दुखत नाहीं' असा नव्हे. 'या परीक्षेस सांपडत नाहीं' एवढाच आहे. कित्येक घरांतून या कागदावरून त्या बाईवर आळसाचा आरोप येतो, म्हणून हें स्पष्ट सांगणें अवश्य वाटतें.

कानास न ऐकूं येणारा ध्वनि

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें वीस हजारांपर्यंत कंपनें असलेला ध्वनि ऐकूं येतो. मज्जातंतु पाहण्यासाठीं वापरला जाणारा ध्वनि सेकंदास एक कोटीहून अधिक कंपनांचा असतो. असा ध्वनि निर्माण करणारें व त्याचा प्रतिध्वनि टिपणारें साधन ज्या तत्त्वावर चालतें, तें जॅक् व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० मध्यें शोधून काढलें: विशिष्ट स्फटिकावर दाब दिला कीं त्यांत वीज उत्पन्न होते, आणि उलट, वीज दिली कीं तो स्फटिक कंप पावतो, हेंहि पुढच्याच वर्षीं सिद्ध झालें. ग्लासगो येथील इयन डोनल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ मध्यें पोटांतील गांठी या ध्वनीच्या साहाय्यानें पाहिल्याचें प्रसिद्ध केलें आणि वैद्यकांत या यंत्राचें युग सुरू झालें. हातापायांतील मज्जातंतु त्याच यंत्रानें स्पष्ट दिसतात, हें फोर्नाज यांनीं १९८८ मध्यें दाखविलें.

पडद्यावर आडवा छेद घेतला असतां निरोगी तंतु मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखा दिसतो: पांढुरक्या जाळींत काळे ठिपके. आवळलेला तंतु अडथळ्याच्या अलीकडे फुगलेला आणि काळसर दिसतो, व अडथळ्यापाशीं चपटा होतो. शिवाय हें चित्र हलतें असतें. रोग्यास हात उताणापालथा करण्यास सांगून तंतु कोठें अडतो तें पाहतां येतें, आणि एखादी गांठ किंवा रक्तवाहिनी त्यावर दाबत असेल तर तीहि दिसते. क्ष-किरण येथें नसल्यामुळें त्यांच्या अपायाची भीतिहि नाहीं. मात्र कांहीं वेळां तंतु अगदीं निरोगी दिसूनहि दुखणें खरें असूं शकतें, हें विसरूं नये.

हेंच यंत्र प्रसूतिपूर्व तपासणींतहि वापरलें जात असल्यामुळें आपल्याकडे त्यावर कायद्याची नजर आहे. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगास आळा घालणारा कायदा प्रथम महाराष्ट्रानें १९८८ मध्यें केला व त्यानंतर १९९४ मध्यें सर्व देशासाठीं तो झाला. म्हणून हाताचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेहि 'येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं' अशी पाटी दिसली, तर वाचकांनीं आश्चर्य करूं नये.

सुईचा प्रवास

रोग्यास निजवून त्याचा हात उशीवर ठेवतात. कातडी जंतुनाशकानें स्वच्छ करतात, यंत्राच्या अग्रावर निर्जंतुक वेष्टन चढवितात. मग त्या अग्राच्या एका बाजूनें बारीक सुई अशा रीतीनें आंत नेतात कीं, तिची सबंध लांबी पडद्यावर रेघेसारखी दिसावी. कमानीजवळ बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें असतें. यंत्रांतील रंगीत दर्शनानें तें ओळखून टाळतात. सुई तंतूंत न शिरतां त्याच्या कडेस थांबते आणि थोडथोडें द्रव सोडते. तें द्रव तंतूभोंवतीं काळ्या कड्यासारखें पसरतें आणि चिकटलेला तंतु हळूहळू भोंवतालच्या पडद्यापासून सुटा होतो. ओल्या कापडाची चिकटलेली घडी फुंकर घालून उकलावी, तसा हा प्रकार असतो. सर्व काम बहुधा कांहीं मिनिटांचें असतें व रोगी त्याच दिवशीं घरीं जातो.

द्रवांत काय असतें? बधिर करणारें औषध थोडें असतें. त्याच्या जोडीस मिठाचें निर्जंतुक पाणी, शेंकडा पांच प्रमाणाचें साखरेचें म्हणजे डेक्स्ट्रोजचें पाणी, किंवा सूज उतरविणारें स्टेरॉइड, यांपैकीं डॉक्टरांस योग्य वाटेल तें.

या सुईचें काम दुहेरी आहे. बधिर करणारें औषध अल्प प्रमाणांत नेमकें तंतूपाशीं सोडतांच जुनी कळ कांहीं मिनिटांत नाहींशी झाली, तर दुखण्याचें मूळ तेथें असल्याचा बळकट पुरावा मिळतो. ज्या दुखण्यास कागदावर पुरावा नव्हता, त्यास असा पुरावा मिळणें हें रोग्याच्या मनास केवढें समाधान देतें, हें ज्यानें वर्षानुवर्षें 'तुला कांहीं झालेलें नाहीं' असें ऐकलें असेल त्यासच कळेल. परंतु येथेंहि सावधपणा हवा. द्रव अधिक सोडलें तर तें शेजारच्या कंडरेपर्यंत पसरून निदान फसूं शकतें. आणि सुईवरील विश्वासानेंच कांहीं काळ बरें वाटणें हाहि मनुष्यस्वभाव आहे.

गुण किती येतो?

वाचकांस खरी उत्सुकता याचीच असणार. रेडियल व प्रोनेटर या दोन विकारांवर या सुईचे अनुभव आशादायक आहेत, परंतु मोठ्या प्रमाणावर, तुलना करून केलेल्या चांचण्या थोड्याच आहेत. मनगटांतील मीडियनच्या विकारावर अधिक अभ्यास झाला आहे, आणि त्यावरून सुईच्या मर्यादांचा अंदाज येतो. स्वीडनमध्यें १११ रोग्यांवर झालेल्या व २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चांचणींत स्टेरॉइड टोंचलेल्यांस दहा आठवड्यांनीं निरौषध सुईपेक्षां स्पष्ट गुण दिसला. पण एक वर्षाच्या आंत, मोठी मात्रा घेतलेल्यांपैकींहि शेंकडा सुमारें ७३ लोकांस शस्त्रक्रिया करावी लागली. निरौषध सुई घेतलेल्यांत हें प्रमाण ९२ होतें. तैवानमध्यें ४९ रोग्यांवर झालेल्या व २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, ध्वनियंत्राच्या मदतीनें तंतूभोंवतीं सोडलेल्या डेक्स्ट्रोजच्या पाण्याचा गुण मिठाच्या पाण्यापेक्षां सहा महिन्यांनींहि अधिक टिकलेला आढळला. तात्पर्य, ही सुई कित्येकांस आराम देते, कांहींस शस्त्रक्रियेपासून वांचविते, कांहींच्या बाबतींत ती केवळ पुढें ढकलते, आणि कांहींस मुळींच उपयोगी पडत नाहीं. जो कोणी एका सुईंत कायमचा गुण येईल अशी हमी देईल, त्याच्यापासून दोन हात दूर राहावें.

तोटेहि सांगितले पाहिजेत. स्टेरॉइडमुळें सुईच्या जागेची कातडी पांढुरकी पडूं शकते व तेथें खळगा पडूं शकतो. आपल्या वर्णावर हा डाग उठून दिसतो व कित्येक महिने राहतो. मधुमेह्यांची रक्तांतील साखर कांहीं दिवस चढते. रक्त पातळ ठेवणारीं औषधें चालू असतील तर तीं आधींच सांगावीं. सुई चालू असतां बोटांपर्यंत विजेसारखी तीव्र कळ गेली तर संकोच न करतां तात्काळ बोलावें. आणि एक गोष्ट विशेषतः स्वयंपाकघरासाठीं: बधिर औषधाचा अंमल असेपर्यंत कांहीं तास बोटें लुळीं वाटूं शकतात. त्या दिवशीं आमटीचें पातेलें उतरवूं नये, उकळतें पाणी हातांत घेऊं नये व वाहन चालवूं नये.

जेथें विलंब घातक होतो

केवळ कळ असेल तर विश्रांति, कामांतील बदल व व्यायाम यांस कांहीं आठवडे देण्यास हरकत नसते. पण बोटें उचलतां येत नाहींशीं होणें, अंगठ्याच्या उंचवट्याचें किंवा अंगठा व तर्जनी यांमधील मांस झडणें, बधिरपणा सारखा वाढणें, हीं लक्षणें दिसतांच दिवस घालवूं नयेत. फार दिवस आवळलेला तंतु मोकळा केल्यावरहि पूर्ववत् होईलच असें नाहीं. हात एकाएकीं लुळा पडून त्याबरोबर तोंड वांकडें झालें किंवा वाचा अडखळली, तर तो हाताचा रोग नव्हे, मेंदूचा आहे. तत्काळ रुग्णालय गांठावें. मानेंतील मणक्यापाशीं दबलेला तंतूहि हातांतच दुखतो. मधुमेह, थायरॉइडचा मंदपणा व गरोदरपण यांतहि हातांस मुंग्या येतात. त्या वेळीं मूळ कारणाकडे पाहिल्यावांचून सुई टोंचणें व्यर्थ होय.

आपल्या प्रांतांत आणखी एका रोगाचें स्मरण ठेवलेंच पाहिजे. कोपरामागील अल्नर तंतु दोरीसारखा जाड लागत असेल आणि अंगावर कोठें फिकट, बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. सुखवस्तु व सुशिक्षित घरांत हा रोग होत नाहीं ही समजूत चुकीची आहे. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेल्या संयुक्त औषधयोजनेनें तो पूर्ण बरा होतो व सरकारी दवाखान्यांत औषध विनामूल्य मिळतें. लपविण्यानें मात्र हात जातो.

घरांतील उपाय

सुईच्या आधीं आणि नंतरहि खरा उपचार घरांत व्हावयाचा असतो. कपडे पिळणें, कणीक तिंबणें, खवणीवर नारळ खवणें, पुरणयंत्र फिरविणें, पेचकस वापरणें, भिंत रंगविणें, तासन् तास संगणकाच्या मूषकावर हात ठेवणें, अशा कामांत हात एकतर सारखा वळतो किंवा एकाच स्थितींत ताठ राहतो. तीं कामें कांहीं आठवडे दुसऱ्यानें घ्यावीं, किंवा मधून मधून थांबून करावीं. तेल लावून दुखऱ्या जागीं जोरानें चोळण्याचा आग्रह वडीलधारीं माणसें प्रेमानेंच धरतात. पण आवळलेल्या तंतूवर आणखी दाब दिल्यानें दुखणें वाढतें. बधिर झालेल्या हातास गरम पिशवीचा शेक देऊं नये. चटका कळत नाहीं आणि फोड येतो. तंतु आपल्या वाटेंत सरकता राहावा यासाठीं असलेले हलके व्यायाम जाणत्याकडून शिकून घ्यावे. ते जोरानें करावयाचे नसतात.

एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ असा कीं, एकाचा हात थांबला तर दुसरे हात पुढें येऊं शकतात. परंतु ते पुढें येण्यासाठीं दुखणें खरें आहे असें आधीं पटावें लागतें. सासूबाईंनीं आपल्या तरुणपणीं दुखता हात घेऊन दळणकांडण केलें असेल; त्यावरून सुनेनेंहि तेंच करावें असा नियम निघत नाहीं. उलट, त्या वेळीं त्यांचेंहि दुखणें खरेंच होतें, तें पाहण्याचें साधन मात्र कोणाजवळ नव्हतें, असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल. आतां तें साधन कांहीं अंशीं हातीं आलें आहे. पण सर्व दुखणीं पडद्यावर उमटतील असा दिवस अद्यापि उगवलेला नाहीं. तोंवर, दुखणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यास वेळेवर योग्य डॉक्टरांकडे नेणें हाच पहिला उपचार होय. आणि तो करण्यास कोणत्याहि यंत्राची गरज नाहीं.